कोकणातली हिवाळी वादळे : वाऱ्याच्या वेगाआधी तारीख आणि तिथी पाहावी

दापोलीजवळच्या आपल्या गावातील वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आपण लेख लिहीत आहात. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात झालेली गाजलेली वादळे कोणती, त्यांतले सर्वांत मोठे कोणते, आणि ठिकठिकाणच्या याद्यांत सापडणारे १८८२ चे, एक लाख बळी घेणारे मुंबईचे वादळ लेखात धरावे की नाही, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण एक वाक्य जाता जाता जोडले आहे : आपले आजोबा म्हणत की दिवाळीनंतर दर्या तळ्यासारखा होतो, मग फयान (नोव्हेंबर २००९ चे चक्रीवादळ) आले कुठून? माझ्या मते आपला खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की ‘सर्वांत मोठे कोणते’ हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

मी किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे काढली. दर तीन तासांनी हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, ढगांची उंची आणि समुद्राची स्थिती लिहिणे हे माझे काम होते. त्यामुळे माझे उत्तर नोंदवहीकडे झुकलेले असेल. एखादा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, याच गोष्टी वेगळ्या क्रमाने सांगेल, आणि त्याचे म्हणणे आपण माझ्या म्हणण्याइतकेच गांभीर्याने घ्यावे.

आधी ‘हिवाळा’ या शब्दाचा निकाल लावू. हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मान्सूनोत्तर काळ. बोलण्यात मात्र आपण दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतच्या काळाला हिवाळा म्हणतो. खात्याची व्याख्या काटेकोरपणे लावली तर आपल्या लेखात एकही चक्रीवादळ उरणार नाही. आपण लोकांची व्याख्या धरावी आणि ती लेखाच्या आरंभीच सांगून टाकावी. मग जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते आपोआप बाहेर राहतील. निसर्गाने आपल्या दापोली तालुक्यातल्या माड-पोफळींच्या बागा आडव्या केल्या, त्यामुळे ते वगळणे आपल्या वाचकांना खटकेल हे मला कळते. परंतु ती पावसाळ्याच्या उंबरठ्यावरची वादळे आहेत, त्यांची जात निराळी आहे, आणि त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

आता आजोबांच्या म्हणण्याकडे वळू. ते चुकीचे नव्हते. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे वर्षातून दोन हंगाम असतात, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. दुसऱ्या हंगामात वादळे बहुधा दक्षिणेत, लक्षद्वीप आणि कन्याकुमारीच्या आसपास जन्मतात. काही तर बंगालच्या उपसागरातून द्वीपकल्प ओलांडून किंवा त्याला वळसा घालून आलेली असतात. वरच्या हवेतले पूर्वेकडचे वारे त्यांना पश्चिमेला, ओमान, येमेन किंवा सोमालियाच्या दिशेने ढकलत नेतात. कोकणचा किनारा त्यांच्या पाठीकडे राहतो. म्हणून एका माणसाच्या आयुष्यात दिवाळीनंतरचे वादळ आपल्या किनाऱ्यावर एखादेच येते, आणि पंधरा-वीस हंगाम शांत पाहिलेल्या माणसाने दर्याला तळे म्हटले तर त्यात नवल नाही.

वादळ कोकणाकडे वळते ते एका विशिष्ट जुळणीमुळे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ जात असतात, म्हणजे हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस पाडणाऱ्या पश्चिमेकडच्या हवेच्या लाटा. अशी एखादी लाट पुरेशी दक्षिणेपर्यंत उतरली आणि त्याच वेळी अरबी समुद्रात वादळ उभे असले, तर वरचे वारे त्याला आपल्या कवेत घेतात आणि ते वायव्येची वाट सोडून उत्तर-ईशान्येला वळते. वळल्यावर त्याची चाल वाढते. मात्र तेच वरचे वारे वादळाचा माथा पायापासून सरकवतात, उत्तरेकडे पाणीही थंड असते आणि जमिनीवरची कोरडी हवा आत ओढली जाते, त्यामुळे त्याचा जोर घटत जातो. आपल्याकडचे हिवाळी वादळ बहुधा मध्यम ताकदीचे पण वेगाने चालून येणारे असते, ते या कारणाने. ते दक्षिणेकडून, किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकते. घरांपेक्षा होड्यांना त्याचा धोका अधिक असतो.

यात मासेमारीचे वेळापत्रक मिळवून पाहा. पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या असतात, जाळी घरात असतात, आणि समुद्र कितीही खवळला तरी त्यात माणूस नसतो. नोव्हेंबरात याच्या अगदी उलट स्थिती असते. हंगाम भरात असतो, यांत्रिक होड्या कित्येक मैल आत, चार-चार दिवसांच्या फेरीवर गेलेल्या असतात, किनाऱ्यावर मासळी वाळत असते, शेतात कापलेले भात पडलेले असते किंवा खळ्यावर उडवी रचलेली असते. तेच वारे जुलैत आले असते तर त्यांची नोंद एका ओळीत आटोपली असती. माझ्या नोकरीत मी जे शिकलो त्याचे सार हे आहे : आपल्या किनाऱ्यावर हिवाळी वादळाची मोठाई त्याच्या वेगावर कमी आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या तिथीला, किती सूचना देऊन आले यावर जास्त ठरते. म्हणून आपल्या लेखात प्रत्येक वादळापुढे वाऱ्याच्या आकड्याबरोबर या तीन गोष्टी लिहाव्यात.

फयानचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण त्या आठवड्यात मी कामावर होतो. हे नाव म्यानमारने दिलेले. नोव्हेंबर २००९ च्या पहिल्या आठवड्यात कन्याकुमारीच्या परिसरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ९ तारखेला लक्षद्वीपजवळ त्याचे अवदाबात, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या पायरीत, रूपांतर झाले, ते आधी वायव्येला गेले, मग पश्चिमेच्या लाटेत सापडून उत्तर-ईशान्येला वळले आणि ११ नोव्हेंबरला दुपारी अलिबाग आणि मुंबई यांच्या मध्ये किनाऱ्यावर आले. हवामान खात्याच्या वर्गीकरणात ते साधे ‘चक्रीवादळ’ होते. या वर्गात ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वेगाचे वारे येतात. तीव्र, अतितीव्र, अत्यंत तीव्र आणि महाचक्रीवादळ या सगळ्या पायऱ्या त्याच्या वर आहेत. म्हणजे प्रतवारीत ते सर्वांत खालच्या पायरीवर होते. आणि तरीही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या बंदरांत आजही वर्षे मोजताना ‘फयानच्या आधी’ आणि ‘फयाननंतर’ असे म्हणतात, कारण समुद्रात गेलेले अनेक खलाशी परत आले नाहीत.

असे का झाले, हे समजण्यासाठी वाऱ्याची दिशा पाहावी लागते. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि दुपारी वायव्येचा खारा वारा उलट येतो. खलाशांचे जाणे-येणे या फिरतीवर बसवलेले असते. त्या आठवड्यात १० तारखेला दुपार झाली तरी खारा वारा आला नाही, पूर्वेचा वारा चालूच राहिला. पूर्वेचा वारा पाठीवर घेऊन उभे राहिले की आपल्या गोलार्धात कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला असते. पुढच्या दिवशी वारा आग्नेय, मग दक्षिण, मग नैर्ऋत्य असा सरकत गेला, त्यावरून केंद्र आपल्या पश्चिमेकडून वर चालले आहे हे किनाऱ्यावरूनही कळत होते. परंतु जी होडी आत होती तिच्यासाठी याचा अर्थ असा की, घराकडे तोंड केल्यावर वारा आणि लाट आधी नाकावर आणि नंतर कुशीवर येणार. शांत पाण्यात ताशी सात-आठ सागरी मैल चालणारी होडी चाळीस मैलांवरून पाच-सहा तासांत बंदराला लागते. तोंडावरच्या वाऱ्यात तेच अंतर दुप्पट वेळ घेते. एवढ्या वेळात ताशी तीस किलोमीटरने चालणारे वादळ तीनशे किलोमीटर वर येते. शिवाय होडी केंद्र आणि किनारा यांच्यामध्ये, केंद्राच्या उजव्या बाजूला होती. त्या बाजूस वादळाच्या स्वतःच्या चालीचा वेग वाऱ्यात मिळतो, म्हणून जोर अधिक असतो. त्या काळी किनाऱ्यापासून काही मैल गेल्यावर मोबाइलचा संपर्क तुटत असे, आणि बंदरावर चढवलेला धोक्याचा बावटा आतल्या होडीला दिसत नाही.

बावट्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या लेखात ‘तीन नंबरचा बावटा’ हा शब्द नक्की येईल. बंदरांसाठी १ ते ११ असे इशारे असतात. १ आणि २ हे दूरच्या समुद्रातील वादळासाठी. ३ म्हणजे बंदराला वादळी हवेचा संभव. ४ म्हणजे बंदराला वादळाचा धोका, पण अजून इतका नाही की टोकाची खबरदारी घ्यावी. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० महाधोक्याचे आणि ११ म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. पावसाळ्यात तीन नंबर इतक्या वेळा लागतो की लोकांना त्याची सवय होते. नोव्हेंबरात लागलेला तीन नंबर मी नेहमी जुलैतल्या तीन नंबरापेक्षा जड मानला.

आता तिथीकडे येतो, कारण या मुद्द्याकडे याद्या करणारे सहसा पाहत नाहीत. फयान आले तेव्हा कार्तिक वद्य पक्ष निम्मा सरला होता आणि अमावास्येला अजून पाच दिवस होते. म्हणजे भांग, लहान भरतीचा काळ, होता. भरतीचे पाणी मुळात उंच चढत नव्हते, म्हणून किनाऱ्यावरच्या वस्त्या पाण्यापासून बऱ्याच अंशी वाचल्या आणि प्राणहानी मुख्यतः समुद्रात झाली. याच्या शेजारी २०१७ चे ओखी ठेवून पाहा. ते नोव्हेंबरच्या अखेरीस श्रीलंकेजवळ जन्मले, कन्याकुमारीपाशी एका दिवसात वाढले, त्यामुळे तमिळनाडू आणि केरळच्या मच्छीमारांना सावरायला अवधी मिळाला नाही. पुढे लक्षद्वीपवरून ते उत्तरेला वळले आणि ५ डिसेंबरच्या रात्री गुजरातचा किनारा गाठण्यापूर्वीच विरले. कोकणात त्याचे केंद्र कधी आलेच नाही. पण ३ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती होती, आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ होता. त्या उधाणावर शेकडो मैलांवरून आलेल्या लांब लाटा चढल्या आणि गोवा-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर पाणी नेहमीच्या रेषेच्या पुष्कळ वर आले. मुंबईत ५ तारखेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर जमलेल्या अनुयायांना पावसात भिजावे लागले. फयानमध्ये वारा आला तेव्हा पाणी खाली होते. ओखीत वारा दूर होता पण पाणी वर होते. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळल्या तर काय होईल, हे आपल्या वाचकांना या तुलनेवरून नेमके कळेल.

ओखीच्या वेळची एक गोष्ट स्मरणिकेत अवश्य घ्यावी. केरळ-तमिळनाडूच्या होड्या वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत येत देवगड बंदरात शिरल्या आणि शेकडो परप्रांतीय खलाशांना तिथे आसरा मिळाला. देवगडची खाडी दक्षिणेच्या वाऱ्यांपासून चांगली आडोशाला आहे, आणि किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांची जागा कोणत्या वाऱ्याच्या भीतीने निवडली गेली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

फयानच्या आधीच्या वादळांविषयी लिहिताना अधिक जपावे लागते. उत्तर हिंद महासागरातल्या वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या वादळांना नाव नसल्यामुळे लोकांच्या आठवणीत ती एकमेकांत मिसळतात. नोव्हेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यानंतर मुंबई आणि उत्तर कोकणाला बसलेला तडाखा यातलाच. मुंबईच्या जुन्या रहिवाशांना तो वर्षानुवर्षे आठवत असे, पण आपल्या भागात त्याच्याविषयी विचारल्यास बरेचदा उत्तर रामदास बोटीचे मिळते. रामदास १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, रेवसच्या वाटेवर बुडाली. ती दुर्घटना हिवाळी वादळाची नव्हे. हिवाळ्यातली जोडी वेगळी आहे : ११ नोव्हेंबर १९२७ ला तुकाराम आणि जयंती या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. कार्तिकी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि कोकणच्या बोटींचा हंगाम भरात होता. फयानचीही तारीख ११ नोव्हेंबरच. यात गूढ काही नाही. कार्तिकाच्या उत्तरार्धात समुद्र अजून उबदार असतो आणि पश्चिमेच्या लाटा नुकत्या खाली उतरू लागलेल्या असतात, म्हणून धोकादायक जुळणी होण्याचा काळ तोच. त्याहीपूर्वी नोव्हेंबर १८५४ च्या आरंभी मुंबईत मोठे वादळ झाल्याचे शहराच्या इतिहासांत नमूद आहे. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येणारे वादळ ही अलीकडची गोष्ट नव्हे.

१८८२ चे मात्र धरू नये. ६ जून १८८२ ला मुंबईत एक लाख लोक मेले असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस एका दिवसात दगावला असता तर वृत्तपत्रे, नगरपालिका आणि मृत्यूची नोंद यांत त्याचा ठसा राहिला नसता का? शोध घेणाऱ्यांना तसा ठसा सापडलेला नाही, आणि अशा वादळाला समकालीन आधार नाही असेच आज जाणकार मानतात. तसेही ते जूनमधले आहे. हा आकडा आपल्या स्मरणिकेत एकदा छापला गेला की तालुक्यातल्या शाळांतून तो पुढची तीस वर्षे फिरत राहील, म्हणून मी हे आग्रहाने सांगतो आहे.

क्यारविषयी आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी विचारेलच. ऑक्टोबर २०१९ मध्ये रत्नागिरीच्या पश्चिमेला उभे राहिलेले हे वादळ पुढे महाचक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात त्याआधी त्या पायरीपर्यंत गेलेले नोंदीतले एकच वादळ होते, २००७ चे गोनू. मात्र क्यारचा परमोच्च जोर ते किनाऱ्यापासून दूर, ओमानच्या वाटेवर गेल्यावर आला. आपल्याकडे त्याच्या उभारणीच्या दिवसांत झालेल्या पावसाने आडवे पडलेले आणि कापून ठेवलेले भात कुजले, आणि दिवाळी शेतकऱ्यांना कोरडी गेली. ताकदीच्या यादीत ते पहिले येईल. मच्छीमाराच्या आठवणीत फयान त्याच्या कितीतरी पुढे आहे, आणि भात-शेतकऱ्याच्या आठवणीत क्यार फयानच्या पुढे असेल. ‘सर्वांत मोठे कोणते’ याचे उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

ऐन थंडीतल्या दोन घटनांना आपण थोडी जागा द्यावी, कारण खऱ्या अर्थाने हिवाळी त्याच. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला अरबी समुद्रातला कमी दाब आणि पश्चिमी विक्षोभ एकत्र येऊन मुंबईसह कोकणात पावसाळ्यासारखा पाऊस झाला. चक्रीवादळ नव्हते, वारा फार नव्हता, पण आंब्याला जमिनीतला ओलावा तुटून मोहोर यायला हवा तेव्हा मुळांना पाणी मिळाले की झाड पालवीकडे वळते, आणि आलेल्या मोहोरावर तुडतुडे व करपा पडतो. दुसरी घटना २३ जानेवारी २०२२ ची. पाकिस्तानाकडच्या कोरड्या प्रदेशातली धूळ पश्चिमी विक्षोभामागच्या जोरदार वायव्य वाऱ्यांनी समुद्र ओलांडून आणली, मुंबई आणि उत्तर कोकणावर पांढुरका पडदा धरला, गाड्यांवर पिठासारखा थर बसला आणि भर दुपारी हवेत गारठा राहिला. हे धुळीचे वादळ फयानला वळवणाऱ्या लाटांच्याच कुळातले आहे. फरक इतकाच की त्या वेळी समुद्रात वळवायला काही नव्हते.

आपण गावात माहिती गोळा करणार असाल तर कार्यपद्धतीविषयी दोन शब्द. वयस्क माणसांना इसवी सन विचारू नये. ‘त्या दिवशी जत्रा झाली होती का, भात खळ्यावर होते की शेतात, चांदणे होते की काळोख’ असे विचारावे. तिथी कळली की पंचांगावरून तारीख निघते, आणि तारीख निघाली की हवामान खात्याच्या १८९१ पासूनच्या वादळांच्या मार्गांशी ती ताडून पाहता येते. मला हे अनेकदा उपयोगी पडले आहे. तलाठ्याचे पंचनामे आणि बंदरखात्याची जुनी नोंदवही पाहायला मिळाली तर नुकसानीचा आकडा फक्त तिथूनच घ्यावा.

दाबाच्या नोंदी कुठे मिळाल्याच तर एक चूक टाळावी. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टापास्कलने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरतो. हा उतार पाहून नवखे लोक वादळ आले असे समजतात. तुलना नेहमी कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करावी. नोव्हेंबरात एका दिवसात त्याच वेळेचा दाब तीन हेक्टापास्कलने पडला, दुपारचा खारा वारा आला नाही आणि दक्षिणेकडून लांब, सावकाश लाटा किनाऱ्याला लागू लागल्या, तर मी वरिष्ठ केंद्राच्या तारेची वाट न पाहता त्यांना आपण होऊन कळवत असे.

आणि तांडेलांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारू नका. त्या दिवशी आपण किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात होता आणि परत फिरायचे कोणी, काय पाहून ठरवले, हे विचारा. जे परतले त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला सांगितले की, बावट्याची बातमी पोचण्याआधीच त्यांनी जाळे ओढून घेतले होते, कारण दुपार उलटली तरी मतलई थांबली नव्हती.